वेळेची फी

'ट्वेल्थ फेल' मी पहिल्यांदा बघितला तो सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत. आम्ही चौघं, मोबाइल एक, तोही पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. शेवटी मनोज पास होतो तेव्हा तिघांचे डोळे ओले झाले. मी भरात येऊन चौथ्याला म्हणालो, "बघ, मनात आणलं की जमतं." तो काहीच बोलला नाही. चार्जिंगला लावलेला फोन काढला, हेल्मेट घेतलं आणि रात्रीची पार्सलं पोचवायला निघून गेला.

वर्षभराने त्याने खोली सोडली. मी अजून परीक्षा देतोय. आमच्या दोघांत हुशार कोण, असं अभ्यासिकेत कुणालाही विचारलं असतं तर त्याचंच नाव आलं असतं. मग मी इथे आणि तो गावाकडे, हे कसं? त्या प्रश्नापायी मी तो सिनेमा परत बघितला आणि त्याच आठवड्यात आनंद यादवांचं 'झोंबी' वाचायला घेतलं.

विधू विनोद चोप्रांचा हा सिनेमा २०२३ सालचा. अनुराग पाठक यांच्या पुस्तकावर आधारलेला, आणि पुढे महाराष्ट्र केडरमध्ये आलेल्या मनोजकुमार शर्मा या आयपीएस अधिकाऱ्याची गोष्ट सांगणारा. चंबळच्या खोऱ्यातला, बारावी नापास झालेला मुलगा दिल्लीत मुखर्जीनगरला येतो. वाचनालयात झाडलोट करतो, पिठाच्या गिरणीत राबतो आणि चौथ्या प्रयत्नात पास होतो. सिनेमा गरिबी लपवत नाही. गिरणीतली ती कोंदट जागा, पिठाने पांढरा झालेला चेहरा, दिवसभर राबून उघडलेलं पुस्तक, सगळं दाखवतो. माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं तो मनोजच्या जिद्दीची परीक्षा म्हणून दाखवतो. गिरणीत गेलेला प्रत्येक तास आपण टाळ्या वाजवून बघतो. तो तास त्याच्या अभ्यासातून वजा झाला, हे आपल्या डोक्यात येत नाही.

खरं तर सिनेमाच्या गोष्टीतच हे उत्तर आहे. मनोज नेटाने अभ्यास करतो, तरी नापास होत राहतो. मग गौरीभैया त्याला गिरणीतून बाहेर काढतो, राहायला जागा देतो आणि आता फक्त अभ्यास कर म्हणतो. त्यानंतरच्या प्रयत्नात मनोज पास होतो. म्हणजे जिद्द आधीही तेवढीच होती. नव्याने मिळाला तो वेळ, आणि तो दुसऱ्या कुणीतरी विकत घेऊन दिला. पण शेवटाला संगीत चढतं आणि आपण घरी नेतो ती फक्त जिद्द.

हा गौरीभैया स्वतः कोण, तर सगळे प्रयत्न संपल्यावर चहाची टपरी टाकून बसलेला मुलगा. मला दुसऱ्यांदा बघताना तोच सिनेमाचा नायक वाटला. २०२३च्या नागरी सेवा परीक्षेला १० लाख १६ हजारांहून जास्त अर्ज आले, ५ लाख ९२ हजारांच्या आसपास मुलं पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसली आणि शेवटी शिफारस झाली १०१६ जणांची. या आकड्यांत नेहमी घडणारी गोष्ट गौरीभैयाची आहे. मनोजची अपवादाची आहे. सिनेमा अपवादाला शेवट देतो आणि नियमाला टपरी.

'झोंबी' १९८७ साली आलं आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातलाही मुलगा शाळेसाठी झगडतो. वडिलांनी त्याला शाळेतून काढून शेतावर जुंपलेलं आहे. मायलेक गावच्या दत्ताजीरावांकडे जातात. त्यांच्या शब्दाखातर वडील तयार होतात, पण अटी घालून. सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत शेतात काम, शाळा सुटली की पुन्हा रानात, गुरं राखायची आणि कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळा बंद. मुलगा कबूल होतो. पाचवीत जाऊन बसतो तर सोबतचे पुढे गेलेले, वर्गात सगळी लहान पोरं.

मी तिथे बराच वेळ थांबलो. हे कोल्हापूरजवळचं कागल. राजर्षी शाहू मूळचे इथल्याच घाटगे घराण्यातले, आणि त्यांनी १९१७ सालीच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. तो निर्णय त्या काळात केवढा मोठा होता, हे वेगळं सांगायला नको. पण फी माफ झाली तरी त्या मुलाच्या अंगावरचं शेतातलं काम कुणी माफ करू शकलं नाही. शाळेत जाणाऱ्या कुळवाड्याच्या पोराची खरी फी पैशांत नसतेच. शेताला पाणी पाजायच्या, गुरांमागे फिरायच्या तासांत ती भरावी लागते. श्रीमंताच्या पोराला ही फी कधी दिसतही नाही.

'झोंबी'ची ताकद इथे आहे. यादव ते तास जिद्दीच्या खात्यावर जमा करत नाहीत. एकेका तासाचा हिशेब ठेवतात आणि त्या तासांपायी घरात कोण कुणाशी भांडलं, आईने किती सोसलं, तेही लिहितात. शिकणं ही त्या घरात एकट्याची गोष्ट राहत नाही.

कुणी म्हणेल, अशी कडू गोष्ट सांगून गरीब पोरांची उमेद का मोडायची? सिनेमा बघून एक जरी पोरगा पुन्हा अभ्यासाला बसला तरी पुष्कळ झालं की. मला हे पटतं, अर्धं. उमेद लागतेच. पण हीच गोष्ट आमच्यासारखी, घरून दरमहा पैसे येणारी पोरंही बघतात आणि आम्ही तिच्यातून भलताच धडा घेतो: जो मागे राहिला त्याने मनात आणलं नाही. आणि मनोज गरीब असला तरी शर्मा आहे. 'फँड्री'तल्या जब्याला वर्गातली पोरं बघत असताना डुकरामागे धावावं लागतं. त्याच्या फीमध्ये जातीची फीही धरावी लागेल.

दोन्ही गोष्टींत मुलगा पुढे जातो तो कुणाच्या तरी कृपेने. एकात दत्ताजीराव, दुसऱ्यात गौरीभैया. कृपा संपून हक्क सुरू व्हावा म्हणून आपण २००९ साली शिक्षणहक्क कायदा केला, खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. मग फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. हक्कसुद्धा असा कोर्टात जाऊन टिकवावा लागतो. त्यासाठीही पुन्हा वेळ लागतो.

माझी आई शिक्षिका आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यावर पैसे येतात. या पैशांनी मी पुस्तकं घेतली, मेसचं बिल भरलं, असंच मी आजवर धरून चाललो होतो. खरं म्हणजे मी त्यातून वेळ घेतला. नापास होऊन पुन्हा बसायचा वेळ, ताप आला तर दोन दिवस झोपून राहायचा वेळ. माझा तो मित्र हेच तास रस्त्यावर घालवून, उरलेल्या वेळात माझ्याशी स्पर्धा करत होता. आणि तरी माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडत होता.

परवा त्याला फोन केला. त्या रात्री जे बोललो ते चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "कुठल्या रात्री?" मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी सांगायला लागलो, तर म्हणाला, "जरा थांब, संध्याकाळी करतो फोन. आत्ता वेळ नाही."