एकच फोल्डर, तीन दारं

आजचा प्रश्न वरवर साधा आहे. एकाच ऑफिसात विंडोज, मॅक आणि लिनक्स असेल, तर सामायिक फोल्डरसाठी एनएफएस घ्यायचं की एसएमबी? बहुतेक तुलना वेगाचे आकडे मांडून थांबतात. आमचा आक्षेप तिथेच आहे. आधी विचारायला हवं, की सर्व्हर विश्वास कोणावर ठेवतो?

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये आणलं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नेहमीच्या मांडणीत क्लायंट सांगतो, ‘मी वापरकर्ता क्रमांक १००१’, आणि सर्व्हर ते मानतो. पासवर्ड वगैरे काही नाही! सगळी यंत्रं एकाच प्रशासकाच्या हातात असतील तर हे चालून जातं. पण प्रत्येक जण स्वतःचा लॅपटॉप घेऊन येत असेल, तर ज्याच्याकडे रूटचा अधिकार, तो दुसऱ्याचा क्रमांक सहज लावू शकतो. कर्बेरॉस जोडलं की ही वाट बंद होते. पण छोट्या ऑफिसात ते उभं कोण करणार?

एसएमबी यंत्राला नव्हे, माणसाला ओळख विचारतं. ही त्याची जमेची बाजू. पण त्याचा इतिहास काही स्वच्छ नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं ते एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषावाटे. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. म्हणून पहिली आवृत्ती बंद ठेवायची, यात तडजोड नाही. एन्क्रिप्शन हवं तर तिसरी आवृत्ती. लिनक्सवर हे सगळं शक्य झालं ते सांबामुळे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते नेटवर्कवरची पॅकेट्स निरखत सुरू केलं.

तिसरं दार ॲपलच्या एएफपीचं. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून ॲपलनंच एसएमबीला पसंती दिली. त्यामुळे त्यावर वेळ घालवायला नको.

आता आपल्या अगदी घरची गोष्ट. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अखंड अक्षर, किंवा र आणि खाली नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावातला ऱ सुटा करून ठेवायची. लिनक्सला मात्र ही दोन वेगळी नावं वाटतात. म्हणजे ‘दुसऱ्या मुद्रितांची प्रत’ नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसणार, आणि दुरुस्त्या कुठलीत केल्या हे कळणार नाही. मॅकवर एनएफएस जोडताना यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. इंग्रजी नावांवर घेतलेल्या चाचण्यांत हे कधी सापडेल का?

शेवटची सूचना. एकच फोल्डर दोन्ही दारांनी उघडं ठेवू नका. विंडोजमध्ये उघडी फाइल साधारणपणे दुसऱ्याला अडवते. युनिक्सचं कुलूप बहुधा सल्ल्यापुरतं असतं. दोघांना एकमेकांची कुलुपं दिसली नाहीत, तर एकाची दिवसभराची मेहनत दुसरा एका सेव्हमध्ये पुसतो, आणि पडद्यावर चूक म्हणून काहीच येत नाही.

आमचा कौल असा: मिश्र ऑफिसात सांबावरून एसएमबीची तिसरी आवृत्ती, एनएफएस फक्त लिनक्स सर्व्हरांच्या आपापसात. वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल. फाइल कोणी बदलली आणि ती हीच का, एवढं तरी खात्रीनं सांगता आलं पाहिजे.