आज्ञा आणि प्रश्न

युद्धांत जन्मलेलें देशगीत शांततेच्या काळीं कोणत्या बळावर जगतें, हें दोन गीतें शेजारीं ठेवून पाहिल्यास उमगतें.

रूझे द लील या फ्रेंच सेनाधिकाऱ्यानें १७९२ च्या एप्रिलांत, ऑस्ट्रियाशीं युद्ध पुकारल्याची वार्ता स्ट्रासबुर्गला येतांच, आपलें गीत रचलें. मार्सेयच्या स्वयंसेवकांनीं तें गात पॅरिस गांठलें, आणि त्यांच्यावरून त्याला ‘मार्सेएज’ हें नांव पडलें. लढाईपूर्वींचें म्हणून तें आज्ञार्थांनीं भरलेलें आहे. रणगीत या नात्यानें तें अजोड होय. शत्रु समोर नसतां मात्र त्या आज्ञांना विषय उरत नाहीं.

फ्रॅन्सिस स्कॉट की या अमेरिकन वकिलाची गोष्ट निराळी. १८१४ च्या सप्टेंबरांत इंग्रजी आरमार बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर रात्रभर तोफा डागीत होतें, तेव्हां तो इंग्रजांच्याच पहाऱ्यांत एका नौकेवर होता. उजाडल्यावर ध्वज दिसेल कीं नाहीं, या व्याकुळतेंतून त्याचें गीत निघालें. म्हणून त्याचें पहिलें कडवें प्रश्नानेंच संपतें. १९३१ पासून राष्ट्रगीत म्हणून बहुधा हेंच एक कडवें गाइलें जातें.

आज्ञा पाळली कीं संपते. प्रश्न प्रत्येक पिढीला नव्यानें पडतो. स्वातंत्र्याचा गौरव करणारा हा कवि स्वतः गुलामांचा धनी होता. ध्वज अजून आहे खरा; पण त्याखालीं सर्वच मोकळे आहेत काय, असें तें गीत आतां गाणाऱ्यालाच पुसतें. देशगीताचा दर्जा ठरवितांना केवळ आवेशाचें माप पुरत नाहीं. गाणाऱ्याला तें किती जाब विचारतें, हेंही पाहिलें पाहिजे.