सूत्र आहे, भाष्य कुठे?

आपल्या मंडळाच्या सहलीला दहाजण जमले, की त्यांतले सहा तरी सॉफ्टवेअरमधले निघतात. त्यामुळे परीक्षणासाठी या वेळी कादंबरी न घेता मी एक माहितीपुस्तिका घेतली, यावर संपादक रागावणार नाहीत अशी आशा आहे. तिचे नाव ‘डीबगिंग विथ जीडीबी’. पुस्तिका म्हणायची ती सवयीने. छापली तर चांगला जाडजूड ग्रंथ होईल.

उरलेल्या चौघांसाठी थोडे सांगतो. चालता प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या पोटात काय चालले आहे ते पाहण्याचे साधन म्हणजे डीबगर. जीडीबी हा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला डीबगर. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आपण एक ओळ टाइप करायची आणि तो एका ओळीत उत्तर देणार, जुन्या काळच्या मितभाषी वैद्यासारखे. म्हणूनच त्याला काय विचारायचे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे सांगणारे पुस्तक हा त्या साधनाचा अर्धा भाग आहे.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच नमुन्याचे एक प्रकरण आहे. ‘एम-फोर’ नावाच्या प्रोग्राममध्ये अवतरणचिन्हे बदलली, की तो बिघडतो. लेखक एकेक पाऊल पुढे जातो, वाचकाला बोटाला धरून नेतो. सुरुवातीच्या चिन्हाची लांबी ७ असायला हवी तिथे ९ दिसते, शेवटच्या चिन्हाची ९ हवी तिथे ७ दिसते. लांब्यांची अदलाबदल झाली आहे! मग जागच्या जागी त्या दुरुस्त करून प्रोग्राम पुढे चालवला जातो आणि तो नीट चालतो. चार पानांत शंका, तपास आणि उलगडा. रहस्यकथेला आणखी काय लागते?

पण पुढे हा मार्गदर्शक हात सोडतो. उदाहरणार्थ ‘एक्स’ ही आज्ञा. स्मृतीतला एखादा पत्ता देऊन तिथे काय आहे ते पाहण्यासाठी ती वापरतात. ‘प्रिंट काउंट’ म्हटले की ‘काउंट’ची किंमत दिसते, समजा ५. नवशिका साहजिकच ‘एक्स काउंट’ म्हणून पाहतो. जीडीबी ५ हाच पत्ता समजतो, त्या घरी जाऊन दार ठोठावतो आणि परत येऊन सांगतो, की ५ या पत्त्यावरची स्मृती वाचता येत नाही. पुस्तकात याचे उत्तर नाही असे नाही. दिलेली पदावली नेहमी पत्ता म्हणूनच वाचली जाते, असे एक निर्दोष वाक्य तिथे आहे. पण ज्याला आधीच कळले आहे त्यालाच ते वाक्य कळते. तिथे चुकीचे एक उदाहरण आणि त्याचे उत्तर छापले असते, तर हजारोंची दुपार वाचली असती.

याच आज्ञेत मापांची अक्षरे आहेत: बाइट, हाफवर्ड, वर्ड आणि जायंट, म्हणजे अनुक्रमे १, २, ४ आणि ८ बाइट. इंटेलच्या पुस्तकांत ‘वर्ड’ म्हणजे २ बाइट, इथे ४. शेर आणि पायली गावोगावी वेगळी असायची, त्यातलाच हा प्रकार. द्विमान पद्धतीसाठी अक्षर ‘टी’, कारण ‘बी’ बाइटने आधीच अडवले आहे. हे कारण मात्र पुस्तकात दिले आहे आणि ते वाचून बरे वाटते. कारण कळले की अक्षर लक्षात राहते.

शाळेत मार्कांसाठी घेतलेले संस्कृत इथे अचानक उपयोगी पडले. पाणिनीच्या सूत्रांत अनुवृत्ती असते. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा न सांगता चालू राहतो. ‘एक्स’चेही तसेच. प्रकार आणि माप सांगितले नाही, तर मागच्या वेळचे चालू राहते. मदतीच्या मजकुरात हे एका वाक्यात उरकले आहे. पण पाणिनीमागे कात्यायन आणि पतंजली उभे राहिले. इथे सूत्रालाच भाष्य समजून सगळे घरी गेले.

एवढे मनाला लावून घ्यायचे कारण सांगतो. आमच्याकडे रुग्णाला थेंब-थेंब औषध देणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम आहे. त्यातला एक आकडा मध्येच बदलत होता. नव्याने आलेल्या एका मुलीने त्या आकड्यावर ‘वॉच’ लावला, म्हणजे तो बदलला की प्रोग्राम थांबावा. एकदा थांबला. संदेश आला, की ती पदावली ज्या भागात ग्राह्य होती तो भाग संपल्यामुळे पहारा काढून टाकला आहे. तिने पुढे चालवले, पुन्हा काही थांबले नाही. तिने अहवाल दिला: यानंतर हा आकडा कोणी बदलत नाही. दोन दिवस आम्ही सगळे दुसरीकडे शोधत बसलो. पहारेकरी घरी गेला होता, आणि चोर आला नाही असे आम्ही धरून चाललो होतो.

तिची चूक म्हणावी का? मी पुस्तक पुन्हा उघडले. नावावर नव्हे तर स्मृतीतल्या जागेवरच पहारा ठेवणारा ‘लोकेशन’ नावाचा पर्याय त्याच भागाच्या आरंभी आहे. पहारा आपोआप का उठतो, हे मात्र हार्डवेअरच्या मर्यादांची चर्चा ओलांडल्यावर, बरेच खाली. औषध पहिल्या पानावर आणि रोगाचे वर्णन शेवटी! दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. ती एकमेकांना भेटत नाहीत, एवढाच दोष.

जाणकार म्हणतात, की असले पुस्तक तज्ज्ञांसाठी असते, नवशिक्यांनी शिकवणी लावावी. मला हे पटत नाही. तज्ज्ञ पुस्तक उघडतो तो रात्री दोन वाजता, अडल्यावर. त्या वेळी तोही नवशिकाच असतो. शिवाय आपल्यापैकी पुष्कळजण पाचवीत ‘ए बी सी डी’ गिरवलेले. संदिग्ध इंग्रजी वाक्य वाचले, की दोष आपल्या इंग्रजीचा असे आपण मुकाट्याने मानतो. डॉक्टरेट झाल्यावरही मी कितीतरी वर्षे तेच मानत होतो.

हे पुस्तक मुक्त परवान्याचे आहे. कोणीही सुधारावे अशीच त्याची योजना आहे. तेव्हा नुसती तक्रार शोभत नाही. ‘वॉच’वर अर्धे पान मी लिहून काढले: आधी तो संदेश, मग त्याचा अर्थ, लगेच खाली ‘लोकेशन’चा पर्याय आणि आमच्याच चुकीचे उदाहरण. पुढे पाठवण्याआधी ते त्या मुलीला वाचायला दिले. तिने माझ्या तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात विचारले आहे, ‘भाग संपला म्हणजे नक्की कुठे?’ ती ओळ मी अजून लिहितो आहे.