धम्मराज्य की धर्मसत्ता? सन्नतीच्या शिळेच्या निमित्ताने

दुधनी येथे उपासकांसमोर अशोकाच्या शिलालेखांवर बोलत असता एका तरुण उपासकाने आम्हांस विचारले : पेशवाई धर्मसत्ता म्हणून त्याज्य, तर अशोकाचे धम्मराज्य तेवढे वंद्य का? प्रश्न अडचणीचा आहे, आणि आपल्या लेखनात त्यास बहुधा बगल दिली जाते.

राजा श्रद्धाळू असला म्हणून राज्य धर्मसत्ताक होत नाही. कायद्याचा उगम माणसांपलीकडे मानला जातो, त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार एका वर्गाकडे राखला जातो आणि त्या वर्गाच्या निर्णयामागे राजदंड उभा राहतो, तेव्हा ही पद्धती पूर्ण होते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातील राजा देवांच्या अंशांतून घडलेला असून वर्णाश्रमांचा रक्षक आहे. पेशवाईत प्रायश्चित्त व बहिष्कार यांचे निर्णय ब्रह्मवृंद देई आणि सरकार ते अमलात आणी. इराणच्या १९७९ च्या संविधानात निवडणुका आहेत, संसदही आहे. परंतु संसदेने केलेला कायदा इस्लामशी सुसंगत आहे की नाही, हे बारा सदस्यांच्या रक्षक-मंडळातील सहा धर्मशास्त्रीच ठरवितात.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्ताची दिशा निराळी आहे. तेथे लोक आपल्या साळीचा वाटा देऊ करून आपल्यातूनच एकास निवडतात. ‘महासम्मत’ म्हणजे महाजनांनी संमत केलेला. या निवडीत देव नाही, पुरोहितही नाही.

अशोकाकडे वळू. दुधनीहून वाडीकडे जाणारी रेल्वे कलबुरगीवरून जाते. त्याच जिल्ह्यात, भीमेच्या काठी, सन्नतीच्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारात १९८९ मध्ये अशोकाचा लेख उजेडात आला. कालीमूर्तीच्या बैठकीसाठी ती शिळा वापरली होती, त्यासाठी तिला भोकही पाडले होते! तिच्यावरील लेखांत बारावा शिलालेख आहे. आपल्या पंथाच्या भक्तीपोटी परपंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय; वाणीचा संयम हे त्याचे मूळ. धम्ममहामात्रांचा उल्लेखही येथेच आहे, आणि त्यांचे काम सर्व पंथांच्या साराची वाढ व्हावी हे आहे.

आता महावंस पाहा. तेथे मोग्गलिपुत्त तिस्स थेरांना जवळ बसवून अशोक भिक्खूंना बुद्धमताविषयी प्रश्न करतो आणि चुकीची उत्तरे देणाऱ्या साठ हजारांना संघाबाहेर काढतो. ते लाभासाठी चीवर ल्यालेले तीर्थिक होते, असा ग्रंथाचा खुलासा आहे. तो मान्य केला तरी मताची परीक्षा राजा घेतो आणि बाजूला थेर बसले आहेत, हे चित्र धर्मसत्तेचेच आहे. आपल्यापैकी काही लेखक ही कथा अभिमानाने सांगतात व पुढच्याच पानावर बारावा शिलालेख गौरवितात. आम्हांस हे मान्य नाही. सिंहलद्वीपातील महाविहाराने कित्येक शतकांनंतर रचलेल्या या वृत्तांतापेक्षा अशोकाच्या स्वतःच्या लेखास अधिक प्रमाण मानले पाहिजे.

तथापि लेखांचा आधार घेऊनही अशोक पूर्ण सुटत नाही. सारनाथच्या स्तंभलेखात संघभेद करणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींना पांढरी वस्त्रे नेसवून आवासाबाहेर ठेवण्याची राजाज्ञा आहे. विनयानुसार हा विषय संघाचा होता. तेथे राजाचा हात पोहोचला, हे कबूल करावे लागते. मात्र त्याच लेखात, आज्ञेची एक प्रत उपासकांपाशी ठेवावी आणि त्यांनी प्रत्येक उपोसथाला येऊन ती समजून घ्यावी, असेही सांगितले आहे. ब्रह्मवृंदाच्या निर्णयाची अशी प्रत महारवाड्यात कधी गेली नव्हती, एवढे त्या तरुणास आम्ही सांगितले. पांढऱ्या वस्त्रांबद्दलचा त्याचा पुढचा प्रश्न मात्र आम्ही खोडू शकलो नाही.