शिळाछापातील निनावी हात : जाहिरातचित्रांच्या कलामूल्याचा प्रश्न

राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु हे लेखन बहुधा मूळ तैलचित्र डोळ्यांसमोर ठेवून झाले. भिंतीवर लागलेला कागद ही निराळी कलाकृती होती. १८९४ मध्ये गिरगावात सुरू होऊन १८९९ मध्ये मळवलीस हललेल्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा घडवावी लागे. कॅनव्हासवरील छटा ठिपक्यांत उतरवणे, दगडावर प्रतिमा उलटी रेखाटणे, रंगावर रंग नेमका बसवणे ही कामे करणाऱ्याची सही चित्रावर नसे. पुढे अशी चित्रे कंपन्यांच्या जाहिरातींवर आणि कॅलेंडरांवर आली आणि ‘बाजारू’ या एका विशेषणाने त्यांचा विचार संपला.

याच तंत्राचे अमेरिकेतील उदाहरण येथे उपयोगी पडते. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची पाचशेंहून अधिक रंगीत कार्डे वाटली गेली. त्यांपैकी ‘टी २०६’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संचातील कार्ड जेमतेम दीड इंच रुंद. पुढे खेळाडू, मागे तंबाखूची जाहिरात. छायाचित्रावरून चेहरा घेऊन शिळाकारांनी पार्श्वभूमी सपाट रंगाची केली. होनस वॅग्नरच्या मागे केवळ नारिंगी रंग आहे, आणि त्यामुळेच एवढ्याशा जागेत चेहरा ठसतो. या कार्डाची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. ही किंमत अर्थात दुर्मीळपणाची. शिळाकाराचे नाव त्या व्यवहारातही कोणी विचारले नाही. सगळीच कार्डे उत्तम आहेत असे नव्हे. कित्येकांत एकच ताठर पवित्रा पुन्हा पुन्हा येतो.

रविवर्म्यांच्या छापील लक्ष्मीला ‘भडक’ म्हणणारी समीक्षा हाच विचार टाळते. तैलचित्रातील संयत छटा कोकणातील माजघराच्या अंधारात, समईच्या उजेडात, कितपत दिसल्या असत्या? ठळक बाह्यरेषा आणि गडद लाल रंग ही रसहानी नव्हे, तर पाहण्याच्या जागेला दिलेले उत्तर मानता येते. काही प्रतींवर जर व टिकल्या लावून देवीला साडी नेसवलेली आढळते. तेथे चित्रकार, शिळाकार आणि सजावट करणारा हात असे तिघे एकाच कागदावर भेटतात. छापलेले नाव मात्र एकट्या रविवर्म्यांचे असते.