ऑलिम्पिकचे यजमानपद आणि निर्यातवृद्धी : एका सिद्धान्ताची चिकित्सा

आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सवांच्या आर्थिक फलिताविषयी अर्थतज्ज्ञ सामान्यतः साशंक असतात आणि शासनकर्ते सामान्यतः उत्साही असतात. या दोन भूमिकांत मेळ घालण्याचा एक गाजलेला प्रयत्न अँड्र्यू रोझ व मार्क स्पीगेल या अर्थशास्त्रज्ञांनी केला. त्यांचा ‘द ऑलिम्पिक इफेक्ट’ हा निबंध २००९ मध्ये मसुदारूपाने व २०११ मध्ये ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. ऑलिम्पिकचे यजमान होणाऱ्या देशांची निर्यात कायमस्वरूपी वाढते, असा त्यांचा दावा आहे. मूळ मसुद्यात व्यापारातील ही वाढ सुमारे ३० टक्के सांगितली होती. भारताने २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्र दिले आहे आणि २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. अशा वेळी हा निबंध खर्चाच्या समर्थनार्थ पुढे केला जाण्याचा संभव मोठा असल्याने त्याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

निबंधाचे साधन व्यापाराचे ‘गुरुत्वाकर्षण प्रतिमान’ हे आहे. दोन देशांतील व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारमानानुसार वाढतो व अंतरानुसार घटतो, असे हे प्रतिमान मानते. त्यातून अपेक्षित असलेल्या व्यापारापेक्षा यजमान देशांचा व्यापार अधिक भरतो, असे लेखकांना आढळले. परंतु यापेक्षा महत्त्वाचे त्यांचे दुसरे निरीक्षण आहे. यजमानपदासाठी बोली लावून जे देश अपयशी ठरले, त्यांच्या निर्यातीतही तशीच वाढ दिसली. म्हणजे स्टेडियम, क्रीडाग्राम, उद्घाटनाचा झगमगाट यांपैकी कशाचाही या वाढीशी संबंध नाही. लेखकद्वय यावर असे स्पष्टीकरण देते, की बोली लावणे हा एक ‘संकेत’ असतो; आपण व्यापार खुला करणार आहोत, हे देश त्याद्वारे जगाला कळवितो. हे खरे मानले, तर सर्वांत शहाणा देश तो, जो बोली लावतो आणि हरतो! यजमानपदाच्या समर्थकांनी हा निबंध उद्धृत करताना त्याचा हा अर्धा भाग वगळू नये.

संकेताच्या पुष्ट्यर्थ दिलेली उदाहरणे आकर्षक आहेत. रोमला १९५५ मध्ये यजमानपद मिळाले आणि १९५७ मध्ये रोमचा करार झाला. टोकियो ऑलिम्पिकच्याच वर्षी, १९६४ मध्ये, जपान आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा सदस्य झाला. बार्सिलोनाची निवड आणि स्पेनचा युरोपीय समुदायातील प्रवेश, दोन्ही १९८६ ची. बीजिंगची निवड जुलै २००१ मध्ये झाली आणि त्याच वर्षाअखेर चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. मात्र समकालीनत्व म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. चीनच्या प्रवेशाच्या वाटाघाटी १९८६ पासून चालू होत्या. मेक्सिकोचे उदाहरण तर लेखकांच्या विरोधात जाते. १९८६ चा फुटबॉल विश्वचषक आणि त्याच वर्षीचा ‘गॅट’मधील प्रवेश यांची ते सांगड घालतात, परंतु ती स्पर्धा कोलंबियाने माघार घेतल्यामुळे मेक्सिकोकडे आली, आणि व्यापार खुला करणे त्या देशाला भाग पडले ते १९८२ च्या कर्जसंकटामुळे. उलट १९६८ चे ऑलिम्पिक भरवूनही मेक्सिको पुढची अठरा वर्षे ‘गॅट’बाहेरच राहिला. १९८० च्या मॉस्कोने कोणता उदारीकरणाचा संकेत दिला?

संख्याशास्त्रीय आक्षेप अधिक मूलगामी आहे. वुल्फगांग मेनिग व फेलिक्स रिख्टर यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की अमेरिका, जपान, जर्मनी, इटली यांसारखे देश उर्वरित सर्व जगाशी ताडून पाहणे हीच चूक आहे. बोली लावणारे देश मुळातच निर्यातक्षम असतात. त्यांची तुलना रचनेने सारख्या देशांशी केली, की हा परिणाम नाहीसा होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

या वादात दोन्ही पक्ष वार्षिक निर्यातीच्या आकड्यांवर बोलतात. प्रत्यक्ष माल कसा हलतो, याकडे कोणी पाहत नाही. स्पर्धेसाठी येणारी बरीचशी सामग्री, म्हणजे खेळाडूंची साधने, प्रक्षेपणयंत्रे, तात्पुरते मंडप, तात्पुरत्या आयातीच्या सवलतीखाली सीमाशुल्क न भरता येते व परत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींनुसार असा माल व्यापाराच्या आकडेवारीत धरावयाचा नसतो. त्यामुळे क्रीडास्पर्धेची खरी रसद या आकडेवारीत मोठ्या प्रमाणात अदृश्यच राहते.

जी दिसते, तिचेही श्रेय स्पर्धेला देताना सावध असावे लागते. २०२२ च्या विश्वचषकाच्या तयारीत असताना, जून २०१७ मध्ये कतारवर सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन व इजिप्त यांनी बहिष्कार घातला. कतारची एकमेव भूसीमा बंद झाली आणि जेबेल अली बंदरातून येणारा माल थांबला. मग ओमानमधील सोहार व सलालाह येथून वाहतूक वळविण्यात आली. नव्या हमाद बंदराचा न्हावाशेवा व मुंद्रा यांच्याशी थेट जहाजसंबंध जुळला तोही २०१७ मध्येच. हा बदल टिकाऊ स्वरूपाचा होता, पण त्याचे कारण राजकीय कोंडी हे होते. विश्वचषकाची स्वतःची खूण म्हणजे ९७४ कंटेनर वापरून उभारलेले स्टेडियम. ते उकलून हलविता येईल, अशी त्याची ख्याती होती. डिसेंबर २०२४ मध्येही सामने मात्र तेथेच झाले.

भारताचा अनुभव या संकेतसिद्धान्ताला फारसा अनुकूल नाही. १९८२ च्या आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या आयातीला मुभा मिळाली; म्हणजे दार उघडले ते आयातीचे आणि तेही एका वस्तूपुरते. व्यापक उदारीकरण आले ते १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटातून, स्पर्धेतून नव्हे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तात्पुरत्या सुविधांची कंत्राटे परदेशी कंपन्यांचा सहभाग असलेल्या समूहांना दिली गेली आणि त्यांच्या दरांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात कठोर ताशेरे आले. तेव्हा अहमदाबादच्या निमित्ताने कोणी निर्यातवृद्धीचा आकडा मांडला, तर तो कोणत्या देशांशी तुलना करून काढला, आणि बंदरे, गोदामे व सीमाशुल्क यंत्रणा यांवरील खर्च क्रीडासंकुलांच्या खर्चापासून वेगळा दाखविला आहे काय, हे दोन प्रश्न वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी तरी विचारावयास हवेत.