दुसऱ्या चित्रपटाची वाट

दिवाळी उलटली की पूर्व विदर्भातल्या देवरीच्या आसपासच्या गावांत मंडई भरते, शंकरपटाच्या तारखा ठरतात आणि रात्री दहा-अकराला पडदा उघडलेलं झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव, पुढे थोड्याच अंतरावर छत्तीसगडची हद्द. एकेकाळी या रंगभूमीवर बाईचं काम पुरुष करायचे. आता नायिकेच्या गाण्याला रात्री दोन वाजता वन्समोअर मिळतो आणि शाल पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याही ताठ होऊन बघतात. बाईने रंगमंच ताब्यात घेणं म्हणजे काय, हे या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. पण नाटक कसं उभं राहायचं हे ठरवणारी बाई अजून विरळाच. मराठी सिनेमाचं चित्र यापेक्षा फार वेगळं आहे का?

सुरुवात तर लवकर झाली होती. 1913 साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. त्यानंतर तेराच वर्षांनी, 1926 मध्ये, फातमा बेगम या अभिनेत्रीने मुंबईत ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. पुढे ‘रामराज्य’मधली सीता म्हणून घरोघर पोचलेल्या शोभना समर्थ कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या. ‘हमारी बेटी’ (1950) त्यांनी नूतनसाठी केला, ‘छबिली’ (1960) तनुजासाठी. लेकींना मार्गी लावायला आईने हाती घेतलेलं दिग्दर्शन, असंच त्याकडे पाहिलं गेलं. शोभनाबाईंमधल्या दिग्दर्शिकेचा स्वतंत्र विचार आपल्या सिनेमाच्या इतिहासांनी केला नाही, ही मोठी चूक आहे.

विजया मेहतांच्या बाबतीत तसं करायची सोय नव्हती. 1960 मध्ये ‘रंगायन’ उभी करणाऱ्या बाई सिनेमात आल्या त्या दिग्दर्शक म्हणून पुऱ्या तयार होऊन. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’वरून त्यांनी केलेला ‘रावसाहेब’ (1986) आजही थक्क करतो. विलायतेहून शिकून आलेला रावसाहेब विधवांच्या दुःखावर भरभरून बोलतो आणि निर्णयाची वेळ आली की पाय मागे घेतो. त्या अंधाऱ्या वाड्यात विजयाबाई स्वतः मावशी झाल्या आहेत, आणि या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेरा इथे संवादाच्या मागे धावत नाही. बोलणं संपल्यावर बाईच्या चेहऱ्यावर काय उरतं, त्याची वाट बघत तो थांबतो. ज्याने स्वतः अभिनय केला आहे त्यालाच हे थांबणं साधतं. पुढे ‘पेस्तनजी’ आला आणि मोठ्या पडद्यावरचा त्यांचा हिशेब तिथेच संपला. एवढ्या ताकदीच्या दिग्दर्शिकेच्या नावावर पडद्यासाठीचे दोनच चित्रपट असावेत, याची हळहळ जात नाही.

खेड्यापाड्यातल्या प्रेक्षकाला मात्र या काळात दुसरीच बाई ओळखीची होती. सुषमा शिरोमणी. ‘भिंगरी’, ‘फटाकडी’, ‘मोसंबी नारंगी’ या चित्रपटांची निर्मिती त्यांची आणि नायिकाही त्याच. ‘फटाकडी’त तर त्यांनी रेखाला मराठी गाण्यावर नाचवलं. पुढे ‘कानून’ (1994) हा हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. समीक्षकांनी त्यांना कधी मनावर घेतलं नाही. पण तिकीटबारी, वितरण, तंबूतला प्रेक्षक यांची नस ओळखणारी बाई या धंद्यात दुर्मीळ असते. स्मिता तळवलकर दूरदर्शनच्या बातम्यांतून आल्या, ‘सवत माझी लाडकी’ (1993) त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला आणि नंतर बहुतेक निर्मातीच्या खुर्चीत राहिल्या. त्या खुर्चीतून मराठी सिनेमाला त्यांनी पडत्या काळात सावरलं, हे खरं. दिग्दर्शिका मात्र मागे पडली.

चित्रा पालेकरांचा ‘माती माय’ (2006) इथे वेगळा काढून बघायला हवा. महाश्वेता देवींच्या कथेवरचा हा चित्रपट. मेलेली लेकरं पुरण्याचं काम पिढीजात वाट्याला आलेली चंडी (नंदिता दास) आई होते आणि गाव तिला चेटकीण ठरवून वेशीबाहेर काढतं. जादूटोण्याच्या संशयावरून माणसाला छळल्याच्या बातम्या पूर्व विदर्भाला नव्या नाहीत. त्यासाठी राज्याला 2013 मध्ये कायदा करावा लागला. म्हणजे ‘माती माय’ पुण्या-मुंबईच्या महोत्सवांइतकाच देवरी-चिचगडच्या लोकांचाही होता. प्रायोगिक रंगभूमीवर अभिनय करत वाढलेल्या चित्राताईंचा हा पहिला चित्रपट. दुसरा त्यांनी केला नाही.

अभिनेत्री-दिग्दर्शिकांची आजची खरी अवस्था हीच आहे. पहिला चित्रपट होतो. अभिनेत्रीच्या नावावर पैसा उभा राहतो, कलावंत मित्र कमी मानधनात काम करतात, वर्तमानपत्रं कौतुकाने मुलाखती छापतात. दुसऱ्याच्या वेळी यातलं काहीच हाताशी नसतं. रेणुका शहाणेंनी आई शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ या कादंबरीवरून ‘रीटा’ केला 2009 मध्ये आणि ‘त्रिभंग’ आला 2021 मध्ये. मधली बारा वर्षं कुठल्याही पुरुष दिग्दर्शकाचा उमेदीचा काळ खाऊन टाकायला पुरेशी आहेत. शेजारी बघा. बंगालच्या अपर्णा सेन 1981 मध्ये ‘36 चौरंगी लेन’ घेऊन आल्या, दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आणि त्यानंतर चार दशकं चित्रपट करत राहिल्या. तेलुगूत विजय निर्मला या अभिनेत्रीने चाळीसहून अधिक चित्रपट दिग्दर्शित करून गिनेस बुकात नाव नोंदवलं. गुणांत मराठी बायका कमी नाहीत. कमी पडतो तो त्यांच्यावर पुन्हा पैसा लावणारा निर्माता.

‘त्रिभंग’बद्दल जरा तपशिलात बोलायला हवं. नयन ही लेखिका, तिची ओडिसी नर्तक मुलगी अनू, अनूची मुलगी माशा. आई बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे आणि अनू शिव्या देत, मधूनच डोळे पुसत तिच्या उशाशी हिशेब मांडते आहे. अनू तिघींना नृत्यातल्या भंगिमा वाटून देते: आई अभंग, मुलगी समभंग आणि आपण स्वतः त्रिभंग, तीन ठिकाणी वाकलेली तरी देखणी. रेणुकाताईंचं बळ नटांकडून काम काढून घेण्यात आहे. काजोल इतकी मोकळी, इतकी ओबडधोबड क्वचितच दिसली असेल. उणीव अशी की मनातलं सगळं पात्रं बोलून टाकतात. विजयाबाई जिथे थांबल्या असत्या, तिथे इथे आणखी एक वाक्य येतं. तरीही तन्वी आझमींची नयन बघताना ‘रावसाहेब’मधली त्यांचीच तरुण विधवा आठवते. 1986 मध्ये दुसऱ्याच्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली बाई आणि 2021 मध्ये पोरं घेऊन घराबाहेर पडलेली बाई, दोघी एकाच अभिनेत्रीने, दोन अभिनेत्री-दिग्दर्शिकांच्या हाताखाली रंगवल्या. आणि काजोल ही तर शोभना समर्थांची नात.

असाच एक धागा मृणाल कुलकर्णींच्या ‘रमा माधव’मध्ये (2014) आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या ‘स्वामी’त त्या रमाबाई होत्या, रवींद्र मंकणी माधवराव. आपल्या चित्रपटात त्यांनी रमा पर्ण पेठेला दिली, स्वतः सासू गोपिकाबाई झाल्या आणि मंकणींना नानासाहेब केलं. घटनांची गर्दी झाल्याने चित्रपट दमतो, पण शनिवारवाड्यातल्या बायका एकमेकींशी बोलायला बसल्या की त्यात जीव येतो.

मानवा नाईक (‘पोरबाजार’), क्रांती रेडकर (‘काकण’) आणि मृण्मयी देशपांडे ही नंतरची फळी. मृण्मयीचा ‘मन फकिरा’ 6 मार्च 2020 ला लागला आणि पंधरवड्याच्या आत महाराष्ट्रातली चित्रपटगृहं बंद झाली. तरी ती पुन्हा दिग्दर्शनाकडे वळली, याचं मोल मोठं आहे. या फळीने आता मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधून बाहेर पडायला हवं. विदर्भाचं जंगल, धानाची बांधी, वडशाहून गाडी भरून निघालेली नाटक कंपनी, त्या गाडीत खिडकीशी डोकं टेकून झोपलेली नायिका: यातलं काहीही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर अजून आलेलं नाही. ती नायिका उद्या रात्री पुन्हा नव्या गावात, नव्या तंबूत उभी राहणार आहे, होळीपर्यंत.